सहलीची बस आणि मागे राहिलेली मुले

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की सहलींचा हंगाम सुरू होतो. फळ्यावर सूचना लागते, वर्गात पत्रके वाटली जातात, घराघरांतून वर्गणीसाठी हट्ट आणि विनवण्या ऐकू येतात आणि नाताळाच्या सुमारास राज्यातील रस्ते विद्यार्थ्यांच्या बसगाड्यांनी गजबजून जातात. ऊसतोडीचा हंगामही नेमका हाच. बीड आणि त्याच्या आसपासच्या दुष्काळी पट्ट्यातून लाखो मजूर मुकादमाची उचल घेऊन, बिऱ्हाड पाठीवर टाकून पश्चिम महाराष्ट्रातील नि कर्नाटकातील साखर कारखान्यांवर पोहोचलेले असतात. कोल्हापूरच्या रस्त्यावर पहाटेच्या धुक्यात सहलीची बस उसाने लादलेल्या टायरगाडीला मागे टाकून पुढे जाते. बसच्या खिडकीत सहावीतली मुले गाणी म्हणत असतात. गाडीवरच्या मोळ्यांवर त्याच वयाचे एक मूल पेंगत असते. दोघांचीही नावे कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हजेरीपटावर आहेत. बसमधल्या मार्गदर्शकाने ध्वनिवर्धकावरून पन्हाळ्याचा इतिहास सांगायला प्रारंभ केलेला असतो. खिडकीबाहेर काय चालले आहे, हे त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत नसते.

सहल ही शाळेच्या कारभारातील एक किरकोळ, हौसेची बाब आहे, असे मानण्याची चूक पुरोगामी मंडळींनीही आजवर केली. पाठ्यपुस्तकात काय आले आणि काय वगळले यावर सभा झाल्या, मोर्चे निघाले. ते योग्यच झाले. परंतु विद्यार्थी चार भिंतींबाहेर पडून आपला प्रदेश प्रथम पाहतो, त्या दिवशी त्याला काय दाखवायचे, कोणी दाखवायचे आणि कोणाला बरोबर न्यायचे, हे प्रश्न मात्र ठेकेदाराच्या मर्जीवर सोडून देण्यात आले. वस्तुतः सहलीचे नियोजन हा शैक्षणिक निर्णय आहे आणि प्रत्येक शैक्षणिक निर्णयाप्रमाणे त्यालाही वर्गीय आशय आहे. तो निर्णय बाजाराकडून काढून घेऊन शाळेच्या, पालकांच्या आणि शासनाच्या हाती परत आणणे हे लोकशाही समाजवादी चळवळीचे कर्तव्य ठरते.

आज सहल कशी ठरते ते पाहावे. शहरातील, आणि आता तालुक्याच्या गावातीलही, सहलीचा ठेकेदार मुख्याध्यापकांच्या दालनात रंगीत पत्रके घेऊन येतो. बस, नाश्ता, जेवण, प्रवेशशुल्क, मार्गदर्शक आणि छायाचित्रे असे सगळे एका रकमेत बांधून दिलेले असते. ठराविक विद्यार्थ्यांमागे एका शिक्षकाची जागा ‘मोफत’ असते. ही जागा खरोखर मोफत नसते. तिची किंमत विद्यार्थ्यांच्या वर्गणीत आधीच मिसळलेली असते, एवढे समजण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. एक दिवसाच्या या पुडक्यात सकाळी घाईघाईने एक किल्ला किंवा लेणे आणि दुपारपासून सायंकाळपर्यंत जलक्रीडांचे उद्यान असा क्रम असतो. पुष्कळ ठिकाणी किल्लाही गळतो आणि केवळ उद्यान उरते. ‘शैक्षणिक’ हा शब्द मात्र पत्रकावरून गळत नाही, कारण परवानगीच्या अर्जाला तो लागतो.

आता या रकमेकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. समजा, सहलीची वर्गणी पंधराशे रुपये आहे आणि शेतमजूर बाईला दिवसाचे तीनशे रुपये मिळतात. म्हणजे मुलाची एक दिवसाची सहल ही आईची पाच दिवसांची मजुरी झाली. घरात शाळेत जाणारी दोन मुले असतील तर दहा दिवसांची. ज्या घरात रोज काम मिळण्याचीच शाश्वती नाही, तिथे हा हिशेब मांडण्याचेही कारण पडत नाही. मूल स्वतःच घरी पत्रक दाखवीत नाही. बाईंनी विचारले की ‘मला बस लागते’ असे सांगते. वर्गातील अशा मुलांची संख्या कोणत्याही अहवालात येत नाही. बाजाराच्या दृष्टीने ज्या इच्छेमागे क्रयशक्ती नाही ती मागणीच नव्हे. शाळेनेही तोच नियम स्वीकारला, तर शाळा आणि दुकान यांत अंतर काय राहिले?

यावर ठरलेले उत्तर असे असते की, सहल ऐच्छिक आहे. ज्याला परवडेल त्याने यावे. हे उत्तर जितके सभ्य तितकेच फसवे आहे. सहलीचा दिवस शाळेच्या दिनदर्शिकेत असतो. त्यानंतर मराठीच्या तासाला ‘आमची सहल’ हा निबंध लिहायला सांगितला जातो आणि जे गेलेच नाहीत ते तो कल्पनेने लिहितात. महिनाभर वर्गातील गप्पांना सहलीचाच विषय पुरतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ज्या शुल्कामुळे वा खर्चामुळे मुलाच्या प्राथमिक शिक्षणात अडथळा येईल असा कोणताही भार त्याच्यावर पडता कामा नये, हे त्या कायद्याचे सूत्र आहे. खासगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के जागांवर दुर्बल आणि वंचित घटकांतील जी मुले याच कायद्याने प्रवेश घेतात, त्यांची फी माफ होते; परंतु सहल, स्नेहसंमेलन, पोशाख यांच्या ‘ऐच्छिक’ खर्चातून त्यांना दररोज आठवण दिली जाते की, तुम्ही इथे मागच्या दाराने आलात. सहल शिक्षणाचा भाग असेल तर ती सर्वांना मिळाली पाहिजे. ती शिक्षणाचा भाग नसेल तर शाळेने आपल्या नावाने, आपल्या वेळात, आपल्या शिक्षकांकरवी ती काढण्याचा अधिकार सांगू नये.

बसमध्ये कोण बसतो, हा झाला पहिला प्रश्न. बसमध्ये बसलेल्यांना काय दाखविले जाते, हा दुसरा. आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत आहे. ही सर्वांनाच अभिमानाची घटना होय. तिच्यामुळे शाळांच्या सहली आता मोठ्या प्रमाणावर या किल्ल्यांकडे वळतील, हे उघड आहे. म्हणूनच तिथे मुलांना कोण काय सांगणार, याचा विचार आताच व्हायला हवा.

रायगडाचे उदाहरण घ्यावे. रायगडावर मार्गदर्शक १६७४ चा राज्याभिषेक सांगतो, नगारखाना दाखवितो, टकमक टोकावर थांबून मुलांच्या अंगावर काटा आणतो आणि हिरकणीची कथा सांगतो. हे सर्व सांगायला हवेच. परंतु हा प्रचंड गड उभारणाऱ्या पाथरवटांचे, गवंड्यांचे, चुना मळणाऱ्यांचे काय? बांधकाम पाहणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव जगदीश्वराच्या मंदिराजवळ पायरीच्या दगडावर कोरलेले आहे. त्यांच्या हाताखालच्या शेकडो लोकांची नावे कुठेच नाहीत. ती नावे का उरली नाहीत, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडला तर तो इतिहासाचा खरा विद्यार्थी झाला असे म्हणता येईल. पन्हाळ्यावरील अंबरखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठारांची भव्यता पाहून मुले थक्क होतात. इतके धान्य कोणत्या शेतातून आले, सारा म्हणून किती घेतला जाई, ते गडावर कोणी वाहून आणले, हे चार प्रश्न त्या कोठारात उभे राहून विचारले, तर राज्य कशावर चालते याचा धडा तिथेच मिळतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्यकारभारातील रयतेविषयीची दक्षता ही त्यांच्या थोरवीचे मर्म आहे. तलवारीच्या गोष्टीत ती बसत नाही म्हणून ती गाळणे, हा महाराजांवरच अन्याय आहे. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, तो याच रयतेच्या बाजूने.

आणि रायगडाच्या वाटेवर महाड आहे. गडापासून हे गाव पंचवीसेक किलोमीटरवर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांनी तिथल्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. सहलींच्या ऐन मोसमात, नाताळाच्या त्याच आठवड्यात, कितीतरी बसगाड्या महाडात चहानाश्त्याला थांबतात आणि तळ्याकडे न वळता गडाच्या पायथ्याला लागतात. वेळ नसतो असे नाही. नाश्त्याला पाऊण तास दिलेला असतो. तळे कार्यक्रमात नसते, एवढेच. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर स्वराज्याची राजधानी आणि समतेच्या संगराची भूमी पाहण्याचे भाग्य किती प्रदेशांतील मुलांना लाभते? ते हाताशी असताना टाळले जाते आणि पुन्हा वर सांगितले जाते की, शाळेत राजकारण नको! गडावर जाताना महाड वगळणे हे राजकारण नव्हे काय? काय दाखवायचे हे ठरविताना काय लपवायचे हेही ठरतच असते. फरक इतकाच की, पहिला निर्णय छापला जातो आणि दुसरा छापला जात नाही.

मुंबईच्या शाळांची सहल बहुधा बोरघाटाकडे निघते. या एका रस्त्यावर महाराष्ट्राच्या दोन हजार वर्षांच्या अर्थव्यवहाराचा आलेख मांडलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांचे शिलालेख आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, सुतार आहे, यवनही आहेत. घाटमाथ्यावरून कोकणातील बंदरांकडे जाणाऱ्या व्यापाराचा पैसा त्या दगडात कसा उतरला, ते मुलांना तिथे हाताने दाखविता येते. त्याखाली बोरघाटातून चढणारा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. तो खोदताना हजारो मजूर पटकीने, तापाने आणि अपघातांनी मेले. लोणावळ्याच्या परिसरात साठविलेल्या पाण्यावर खोपोलीला १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. त्याच डोंगररांगेत दक्षिणेला मुळशीच्या खोऱ्यात धरणासाठी जमिनी गेल्या. तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे नि मॉल उभे राहिले. लोअर परळची फिनिक्स गिरणी आज मॉल आहे. तिचे धुराडे तेवढे शोभेला ठेवलेले आहे.

शेत बुडाले, वीज झाली, गिरणी चालली, गिरणी बुडाली आणि मॉल उभा राहिला, अशी ही साखळी आहे. ज्या मुलांचे आजोबा या साखळीच्या एखाद्या कडीत अडकले होते, ती मुले आज बसमध्ये बसून त्याच घाटातून जातात आणि पायथ्याच्या क्रीडानगरीत उतरतात. महानगरांतील मॉलमध्ये तर आता अशा नगऱ्या निघाल्या आहेत की, मुलांनी पैसे भरून तासभर पाववाला, अग्निशामक किंवा कारखान्यातील कामगार होण्याचा खेळ खेळावा. कामगाराच्या मुलाला कामगार होण्याचे नाटक विकत देणारी ही व्यवस्था बुद्धिमान आहे, यात शंका नाही. प्रश्न असा की, जवळच्या एसटी आगारात जाऊन खऱ्या यंत्रकारीगराला गाडीखाली झोपून काम करताना पाहण्याची सोय शाळेने का करू नये?

साखर कारखान्याच्या सहलीतही हाच प्रकार घडतो. कारखाना दाखविणारा अधिकारी मुलांना गव्हाणीपासून पोत्यापर्यंत नेतो. रस कसा निघतो, साखरेचे दाणे कसे पडतात हे समजावून सांगतो आणि शेवटी प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर साखर ठेवतो. सहकाराची थोरवीही सांगितली जाते आणि ती खोटी नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला जो प्रयोग उभा केला, त्याने शेतकऱ्याला सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या जाचातून वर काढले. परंतु कारखान्याच्या कुंपणापलीकडे कोप्यांची वस्ती असते. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाला त्याच्या हत्याराचे नाव देणारी ही भाषा कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडणार? त्या वस्तीत मुलांना घेऊन जावे आणि उचल म्हणजे काय, ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाला काय होते, दिवसाला किती टन तोड होते, हे एखाद्या तोडणी कामगाराने स्वतःच्या तोंडाने सांगावे. दया उत्पन्न करण्यासाठी हे करायचे नाही. पाहुण्यांनी येऊन गरिबी पाहावी असा तमाशा तर मुळीच नको. त्या दिवसाचा मार्गदर्शक तो कामगार आहे, त्याला मार्गदर्शकाचे मानधन मिळाले पाहिजे आणि त्याची मुले त्या दिवशी पाहुण्या शाळेच्या बरोबरीने कारखान्यात आत गेली पाहिजेत. साखर कशी होते हे कळायला दोन्ही बाजूंच्या भेटी लागतात.

आता सुरक्षिततेविषयी. खासगी व्यवस्था कार्यक्षम आणि सुरक्षित असते, असा समज रूढ आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडून मेल्या. तो तलाव महापालिकेने खासगी ठेकेदाराला चालवायला दिलेला होता. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसविली होती आणि अनेक मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. नफ्याचा नियम साधा आहे : फेऱ्या कमी आणि माणसे अधिक. त्या नियमात मुलाचे वजनच तेवढे मोजले जाते, आणि हरणीला तेही मोजले गेले नाही. त्याआधी १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रकिनारी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शिक्षण खात्याने अटींची आणि हमीपत्रांची लांबलचक यादी शाळांच्या हाती दिली. जबाबदारी मुख्याध्यापकाच्या सहीवर ढकलली, की शासनाचे काम संपले! किनाऱ्यावर जीवरक्षक नेमणे, भरती-ओहोटीचे फलक लावणे, घाटात शालेय बसगाड्यांची तपासणी करणे, ही शासनाची कामे आहेत. ती हमीपत्राने होत नाहीत. परिणाम असा झाला की, प्रामाणिक मुख्याध्यापक भयाने सहलच काढीनासे झाले आणि बाकीच्यांनी कागदपत्रे सांभाळून देणारा ठेकेदार गाठला.

मुलांनी सदैव धरणे, कारखाने आणि तळीच पाहावीत काय, त्यांना मौज नको काय, असे कोणी विचारील. मौज अवश्य हवी, आणि ती सर्वांना हवी. परंतु मौज तिकिटाने मिळते हा शोध मुलांचा नव्हे. नदीकाठचे वनभोजन, आंब्याखाली पाडलेल्या कैऱ्या, बसमधल्या भेंड्या यांना कधी प्रवेशशुल्क लागले नाही. घसरगुंडी उंच असली तरच आनंद होतो, हे मुलांना जाहिरातीने शिकविले आहे.

शिक्षण भिंतीबाहेर नेण्याची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठणकावून सांगितले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. सहलीच्या बसकडे पाहिले तर ते विधान अजूनही जुने झालेले नाही. १९३७ साली वर्ध्याला नयी तालीमची मांडणी झाली. तिने शिक्षणाचे केंद्र हाताच्या कामात शोधले. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले; पुढे कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळाच कुरणावर नेली आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीला दिला. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले, ते एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताचे जीवन जवळून जाणावे यासाठी. मुलाला सोडून शाळा पुढे जाणार नाही, हा या सर्वांतील समान धागा आहे.

हे व्यवहारात कसे आणावे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर अवघड नाही. सहलींची आखणी जूनमध्ये, वर्षाच्या अभ्यासक्रमाबरोबर, शिक्षकांनी आणि पालकांनी एकत्र बसून करावी. वर्षातून एकच दूरची, महाग सहल काढण्याऐवजी तालुक्याच्या परिसरात दोन-तीन भेटी असाव्यात : बाजार समितीतील लिलाव, धरण, किल्ला, यंत्रमागाचा कारखाना, ग्रामपंचायत, न्यायालय. ज्या गावांतून मजूर स्थलांतर करतात, तिथे निदान एक भेट दसऱ्यापूर्वी झालीच पाहिजे. पावसाचे दिवस असल्याने ती गडावर नेऊ नये. बाजार समिती किंवा आगार चालेल. कारखान्यांच्या परिसरातील शाळांनी तळावरील मुलांना आपल्या सहलीत सामावून घ्यावे.

मार्गदर्शक दोन असावेत. एक विषय जाणणारा, दुसरा त्या ठिकाणी राबलेला किंवा राबणारा : निवृत्त गिरणी कामगार, धरणग्रस्त शेतकरी, पैठणी विणणारी बाई. स्थानिक तरुण-तरुणींना शिक्षण खात्याने आणि विद्यापीठांच्या इतिहास-अर्थशास्त्र विभागांनी प्रशिक्षण द्यावे. त्यातून गावात थोडा रोजगारही निर्माण होईल. पंधरा-वीस मुलांमागे एक मार्गदर्शक असल्याशिवाय प्रश्नोत्तरे होत नाहीत. शंभर मुलांपुढे ध्वनिवर्धक घेऊन उभा राहिलेला माणूस फक्त घोषणा करू शकतो. जाण्यापूर्वी मुलांनी वर्गात प्रश्न तयार करावेत आणि परतल्यावर आठवड्याच्या आत जे पाहिले ते तक्त्यांतून, चित्रांतून, भाषणांतून गावापुढे मांडावे. ज्या मुलाला निबंध लिहिता येत नाही त्यालाही तिथे बोलता येते.

खर्चाचे काय? एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते. ती सवलत पूर्ण माफीपर्यंत न्यावी आणि त्याची भरपाई शासनाने महामंडळाला वेळेवर करावी, अन्यथा एका सार्वजनिक सेवेसाठी दुसरीचा बळी जाईल. सहलीसाठी विद्यार्थीसंख्येनुसार स्वतंत्र तरतूद शालेय अनुदानात असावी. पैसा नाही, हे शासनाचे नेहमीचे पालुपद आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. ती पातळी आजवर गाठली गेलेली नाही. पैसा नसणे ही इथे परिस्थिती नसून निवड आहे.

या बाबतीत पक्षाच्या कार्यकर्त्यांना मोठ्या आंदोलनाची वाट पाहण्याचे कारण नाही. कायद्याने प्रत्येक शासकीय आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. या समित्या बहुतेक ठिकाणी सह्यांपुरत्या उरल्या आहेत, कारण मजूर पालकाला तिथे बोलण्याचा धीर देणारे कोणी नसते. तो धीर देणे हे कार्यकर्त्याचे काम. विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ आहेत. तिथेही सहलीच्या ठेक्याचा हिशेब मागता येतो. किती कंपन्यांकडून दर मागविले, मोफत जागा किती, त्यांचा भार कोणावर, असे साधे प्रश्न लेखी विचारले तरी पुष्कळ काही बदलते.

येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच सभेत कार्यकर्त्यांनी एक ठराव मांडावा : सहलीस परवानगी देण्यापूर्वी वर्गाचा हजेरीपट आणि सहलीची यादी शेजारी शेजारी ठेवून समितीपुढे वाचली जावी. हजेरीपटावरील जे नाव यादीत नाही, त्या मुलाच्या घरी शिक्षकाने आणि एका सदस्याने जाऊन कारण विचारावे. कारण पैशाचे असेल तर तो पैसा शाळेने उभा करावा; मूल ऊसतोडीला गेलेले असेल तर सहलीची तारीख बदलावी. हे दोन्ही होत नसेल तर ती बस निघता कामा नये.